सुरगाठ, निरगाठ आणि शाळेतलं बीजगणित

जानेवारीतल्या एका संध्याकाळी दहावीतली एक मुलगी सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन माझ्या घरी आली. मी कामोठ्यात गेली २२ वर्षं गणिताचे क्लास घेते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत अशा उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर पसरलेल्याच असतात. तिनं शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. "मॅडम, उत्तर बरोबर आहे. तरी दोन मार्क गेले."

तीन गुणांचा साधा प्रश्न होता. दोन अज्ञात संख्या आणि दोन समीकरणं. पहिल्या संख्येची २३ पट आणि दुसरीची २७ पट मिळून १२७. पहिलीची २७ पट आणि दुसरीची २३ पट मिळून १२३. एका चलाचा लोप करा, नाहीतर क्रेमरची पद्धत वापरा, असं मुलांच्या हाताला वळण असतं. पद्धत कोणती वापरायची हे मात्र प्रश्नात लिहिलेलं नव्हतं. या मुलीनं वेगळंच केलं होतं. पहिली संख्या प अधिक म आणि दुसरी प वजा म मानून तिनं दोन्ही समीकरणं नव्यानं मांडली. पहिलं झालं ५०प वजा ४म बरोबर १२७, दुसरं ५०प अधिक ४म बरोबर १२३. दोन्हींची बेरीज केली की १००प बरोबर २५०, म्हणजे प अडीच. वजाबाकी केली की म उणे अर्धा. मग मागे फिरून पहिली संख्या २ आणि दुसरी ३. पडताळाही दिला होता. समासात लाल शाईनं शेरा होता : "ही पद्धत नाही."

तो शेरा मला अजून टोचतो. कारण ती पद्धत आहे. नुसती आहे असं नाही, बीजगणितातल्या एका फार खोल विषयाची ती पहिली पायरी आहे, आणि त्या विषयाच्या इतिहासात एका मराठी माणसाचं नाव ठळक आहे. हे त्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं. आता वाचकांनाही सांगते, कारण शाळेतलं बीजगणित चाळीस गुणांच्या पेपरपुरतंच असतं ही समजूत आपण सगळ्यांनी मिळून पक्की केली आहे आणि ती खोटी आहे.

त्या मुलीनं नेमकं काय केलं? जुन्या चलांच्या जागी नवी चलं आणली, नव्या चलांत काम सोपं करून घेतलं आणि परत आली. सगळी गंमत या परत येण्यात आहे. प आणि म सापडल्यावर मूळ संख्या मिळतात, आणि मूळ संख्यांवरूनही प आणि म मिळतात : बेरजेच्या निम्मं आणि वजाबाकीच्या निम्मं. दोन्ही दिशांनी वाट मोकळी. अशी जाता-येता येणारी अदलाबदल, जिच्यात जातानाही बहुपदी आणि येतानाही बहुपदीच, तिला गणितात ऑटोमॉर्फिझम म्हणतात. नववीच्या पुस्तकात बहुपदीचा धडा असतो. चलं, सहगुणक, कोटी हे शब्द मुलं तिथे शिकतात. प्रश्न असा : बहुपदींच्या जगात अशा परतीच्या वाटा असलेल्या अदलाबदली किती प्रकारच्या असतात, आणि त्या सगळ्या थोड्याशा साध्या अदलाबदलींपासून तयार करता येतात का?

मुलं वहीत इंग्रजी अक्षरं लिहितात. मी इथे क्ष, य, झ लिहिते. आपल्याकडे अज्ञात संख्यांना नावं द्यायची रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात पहिली अज्ञात संख्या यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळा, निळा, पिवळा. लिहिताना त्यांची पहिली अक्षरं : या, का, नी, पी. अज्ञाताला रंगाचं नाव देणारी ही कल्पना मी दरवर्षी मुलांना सांगते आणि दरवर्षी एखादं तरी मूल रंगीत पेन काढून गणित सोडवायला बसतं.

एकच चल असेल तर उत्तर सोपं आहे. एका संख्येनं गुणा, दुसरी मिळवा. फॅरनहाइटचं सेल्सिअस करतो तसं. परत येता येतं. वर्ग केला की संपलं. बहुपदीत बहुपदी भरली की कोटींचा गुणाकार होतो, आणि दोन किंवा तीन कोटीवरून गुणाकार करत कुणी पुन्हा एकवर येऊ शकत नाही. एवढ्या एका निरीक्षणात एका चलाचा सगळा प्रश्न सुटतो. नववीचा मुलगा हे स्वतः शोधू शकतो. माझ्याकडे दोघांनी शोधलं आहे.

दोन चलं आली की खरी मजा. क्षच्या जागी क्ष अधिक यचा वर्ग घ्या, य तसाच ठेवा. वर्ग आला, कोटी वाढली, तरी परत येता येतं : यचा वर्ग वजा करा. य जागेवरून हललेला नाही, म्हणून त्याचा वर्ग आपल्या हातात आहे. मी मुलींना परकराच्या नाडीचं उदाहरण देते. सुरगाठ असेल तर एक टोक ओढलं की सुटते. क्षला यची कुठलीही बहुपदी मिळवणं ही सुरगाठ. आता एकावर एक अशा गाठी मारा. आधी क्षमध्ये यचा वर्ग मिळवा, मग यमध्ये नव्या क्षचा घन मिळवा, मग पुन्हा क्षमध्ये काहीतरी. दोन गाठींतच कोटी सहावर जाते, चार-पाच गाठींत तर वहीचं पान पुरत नाही. बघणाऱ्याला वाटावं, ही निरगाठच आहे. पण जिनं बांधली तिला माहीत असतं, शेवटची गाठ आधी सोडायची, मग तिच्या आधीची.

मग प्रश्न उलटा विचारायचा. कुणीतरी न सांगता बांधून आणलेली, पण सुटते एवढं नक्की असलेली गाठ समोर ठेवली, तर ती सुरगाठींचीच बांधलेली असणार का? दोन चलांसाठी हो, असं जर्मन गणिती हाइनरिश युंग यांनी १९४२ साली सिद्ध केलं. आपल्या नेहमीच्या संख्यांपुरतं ते होतं. १९५३ मध्ये फान डर कुल्क यांनी ते सगळ्या अंकपद्धतींसाठी सिद्ध केलं, जिथे एक अधिक एक शून्य होतं अशा पद्धतींसकट. म्हणजे दोन चलांचा सगळा गट दोन साध्या प्रकारांतून उभा राहतो : या मुलीनं केली तशी सरळ अदलाबदल आणि एक सुरगाठ. बाकी सगळं यांच्याच साखळीतून.

इथे श्रीराम अभ्यंकर येतात.

२२ जुलै १९३० रोजी उज्जैनला जन्म. वडील शंकर केशव अभ्यंकर गणिताचे प्राध्यापक, बालपण ग्वाल्हेरला, घरात मराठी. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये पदवी, मग हार्वर्ड, तिथे ऑस्कर झरिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये पीएच.डी. पुढे १९६३ पासून अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात, ते २ नोव्हेंबर २०१२ रोजी मृत्यू येईपर्यंत. मी त्यांना कधी भेटले नाही. मुंबई विद्यापीठात एम.एस्सी. करत असताना त्यांचं नाव आमच्या सरांच्या तोंडी सतत असायचं, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी दिलेल्या व्याख्यानांची १९७७ साली निघालेली टिपणं आम्ही ग्रंथालयात उघडून बघितली होती. निम्मं कळलं नाही. पण एक गोष्ट तेव्हा लख्ख कळली : पानंच्या पानं बहुपदी होत्या. भागाकार, कोटी, सहगुणक. शाळेतलंच सामान.

त्यांचं काम बघायचं तर तारेचं उदाहरण घ्या. सरळ तार आहे. तारेवरच्या बिंदूला ट म्हणा. ती कागदाच्या सपाटीवर बहुपदी वापरून वाकवून ठेवायची : क्ष बरोबर टचा वर्ग, आणि य बरोबर ट अधिक टचा चौथा घात. तार चांगलीच वाकली. पण यमधून क्षचा वर्ग वजा करा. टचा चौथा घात जातो आणि उरतो नुसता ट! म्हणजे वाकलेल्या तारेवरून मूळ तार बहुपदीनंच परत मिळाली. मात्र क्ष टचा वर्ग आणि य टचा घन असेल तर तारेला टोकदार कोपरा येतो, आणि बहुपदीनं ट परत मिळत नाही. पहिल्या जोडीत कोटी होत्या २ आणि ४, दुसरीत २ आणि ३. दोन चारला भागतो, तीनला भागत नाही.

अभ्यंकर आणि त्यांचे पर्ड्यूतले सहकारी त्झुओंग-त्सिएंग मोह यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलं की हा योगायोग नाही. नेहमीच्या संख्यांमध्ये, तार अशी ठेवली असेल की ट बहुपदीनं परत मिळतो, तर दोन कोटींपैकी एकीनं दुसरीला भाग गेलाच पाहिजे. आणि भाग जातो म्हटल्यावर एक सुरगाठ सोडून मोठी कोटी खाली आणता येते. मग पुन्हा. मग पुन्हा. शेवटी तार सरळ. युंग यांचं प्रमेय यातून आपोआप हाती येतं. एक अधिक एक शून्य होणाऱ्या अंकपद्धतीत मात्र हे कोसळतं. तिथे टचा चौथा घात आणि ट अधिक टचा सहावा घात ही जोडी घ्या. चारनं सहाला भाग जात नाही, तरी ट परत मिळतो. यचा वर्ग करताना मधलं पद दोननं गुणलेलं, म्हणजे शून्य, म्हणून नाहीसं होतं. त्यातून क्षचा घन वजा केला की टचा वर्ग हातात येतो. त्याचा घन करून यमधून वजा केला की ट. ज्याला हात शिवशिवत असतील त्यानं करून बघावं, अर्धं पान पुरतं.

अभ्यंकर नुसतं सिद्ध करून थांबले नाहीत, त्यांनी एक मत ठामपणे मांडलं. १९७६ मध्ये त्यांनी बैजिक भूमितीच्या इतिहासावर एक दीर्घ लेख लिहिला. त्यात त्यांनी शाळेतलं बीजगणित, महाविद्यालयातलं बीजगणित आणि विद्यापीठातलं बीजगणित असे भाग पाडले आणि भार दिला तो शाळेतल्या बीजगणितावर. बहुपदी हातानं चालवायच्या, त्यांचा भागाकार करायचा, एकेक चल काढून टाकायचं, यात मोठी ताकद आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या लेखाला १९७८ मध्ये अमेरिकेतलं शोव्हने पारितोषिक मिळालं. हे मत मांडणारा माणूस जगातल्या पहिल्या ओळीतला भूमितिज्ञ होता, म्हणून त्याचं वजन. आणि मला ते मनापासून पटतं, कारण मी रोज त्याच सामानाशी असते.

आता तीन चलं. इथे गोष्ट बदलते.

१९७२ मध्ये क्योतोचे मासायोशी नागाता यांनी एक गाठ बांधून दाखवली. मी ती इथे पूर्ण लिहिते, कारण ती दहावीच्या मुलाला तपासता येते आणि वर्तमानपत्रात ती यायला हवी असं मला वाटतं. क्ष आणि झचा गुणाकार करा, त्यात यचा वर्ग मिळवा; या बेरजेला स म्हणा. आता नवा क्ष म्हणजे जुन्या क्षमधून दोन गुणिले य गुणिले स वजा, आणि त्यातून झ गुणिले सचा वर्ग वजा. नवा य म्हणजे य अधिक झ गुणिले स. झ तसाच.

त्याच जानेवारीत, दोन गुण गेलेल्या त्या मुलीला मी हे कागदावर लिहून दिलं. परीक्षा महिन्यावर होती, तिच्या आईला काय वाटेल याचा विचार आला, तरी दिलं. ती रविवारी सकाळी आली. क्ष १, य २, झ ३ घेऊन तिनं करून बघितलं होतं. स आला ७. नवा क्ष आला उणे १७४, नवा य २३, झ ३. मग तिनं न सांगता एक गोष्ट केली होती. नव्या आकड्यांवरून पुन्हा स काढला. उणे १७४ गुणिले ३ म्हणजे उणे ५२२, २३चा वर्ग ५२९, बेरीज ७. "मॅडम, स बदललाच नाही!" तिचा आवाज टिपेला गेला होता. मी म्हटलं, अगं, आकडे सोड, अक्षरांनी कर. खालच्या मजल्यावरचा भाजीवाला ओरडत होता, मानसरोवर स्टेशनकडून गाडीचा भोंगा येत होता, आणि ही मुलगी ओठ चावत कंस सोडवत होती. दोन यझस आले आणि गेले, झझसस आले आणि गेले, उरला तोच स. मग तिला परतीची वाट दिसली. स दोन्हीकडे एकच आहे, म्हणजे सच्या जागी उणे स लिहिला की झालं! तिनं लगेच पडताळलं. उणे १७४ अधिक ३२२ वजा १४७, बरोबर १. तेवीस वजा एकवीस, बरोबर २.

ती गाठ सुटते. शंकाच नाही. पण ती सुरगाठींची बांधलेली आहे का? नागातांना वाटलं, नसावी. सिद्ध करता आलं नाही. ३० वर्षं कुणालाच आलं नाही. कझाकस्तानातले उअलबाय उमिरबाएव आणि ब्राझीलच्या साओ पाउलोत काम करणारे इवान शेस्ताकोव यांनी ते सिद्ध केलं, ते २००४ मध्ये छापून आलं : नेहमीच्या संख्यांवर नागातांची गाठ कितीही साध्या अदलाबदली एकापुढे एक जोडल्या तरी बांधता येत नाही. २००७ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीनं त्यांना मूर पारितोषिक दिलं. साध्या अदलाबदलींतून तयार होणाऱ्यांना गणिती माणसाळलेल्या म्हणतात आणि इतरांना रानटी. दोन चलांच्या जगात सगळं माणसाळलेलं. तीन चलांत रान आहे. आणि त्याहून अद्भुत म्हणजे, शेजारी चौथं एक चल नुसतं आणून ठेवलं, तर तीच रानटी गाठ त्याच्या मदतीनं सुरगाठींनी बांधता येते. हे मार्था स्मिथ यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं.

या मुलुखात मराठी पावलं पुष्कळ आहेत. अभ्यंकरांचे विद्यार्थी अविनाश साठये पुढे केंटकी विद्यापीठात शिकवू लागले. तारेऐवजी पत्रा घेतला, म्हणजे तीन मितींच्या अवकाशात बहुपदीनं वाकवून ठेवलेलं प्रतल घेतलं, तर तोही सरळ करता येतो का, या प्रश्नाला जगभर अभ्यंकर-साठये अनुमान म्हणतात. साठयेंनी १९७६ मध्ये, ज्यात एक चल फक्त पहिल्या घातानंच येतं अशा समीकरणांच्या पत्र्यांसाठी ते सिद्ध केलं. टाटा संस्थेतल्या एस. एम. भातवडेकर यांनी बहुपदींच्या याच जगात आयुष्यभर काम केलं. पवईच्या आयआयटीत शिकवणारे सुधीर घोरपडे अभ्यंकरांचेच विद्यार्थी. आणि कोलकात्याच्या नीना गुप्ता, ज्यांनी झरिस्कींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निरसनाच्या प्रश्नाचं एक उत्तर २०१४ मध्ये दिलं आणि २०२१ चं रामानुजन पारितोषिक मिळवलं, त्या याच विषयातल्या. भातवडेकरांबरोबर त्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत. माझ्या मुलींना मी त्यांचा फोटो दाखवते. साडी नेसलेली, फळ्यापुढे उभी असलेली बाई जगाच्या पुढे आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायला हवं.

मग या सगळ्यातलं काहीच आमच्या वर्गात का पोचत नाही?

त्या मुलीचे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला आहेत. नागातांच्या गाठीनंतर तिची आई माझ्याकडे आली. रागानं नव्हे, काळजीनं. "ताई, हे पेपरला येणार आहे का? यानं मार्क वाढणार आहेत का?" मी खरं तेच सांगितलं. पेपरला येणार नाही. पण जी मुलगी एक पानभर अक्षरांचे कंस न चुकता सोडवते, तिला चाळीस गुणांच्या पेपरची भीती राहत नाही. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : तिनं आयुष्यात पहिल्यांदा असं गणित केलं की ज्याचं उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं नव्हतं. आई गप्प बसली, चहा घेतला, म्हणाली, "मग येऊ दे रविवारी." मार्कांची चिंता करणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही. आमच्या इमारतीत सातारा-सांगलीकडची घरं आहेत, कोकणातली आहेत, गावची जमीन कमी पडली म्हणून आलेली. त्यांच्यासाठी दहावीचा निकाल ही घराची पुढची वीस वर्षं असतात.

माझा राग त्या लाल शाईवर आहे. प्रश्नात पद्धत सांगितलेली नसताना बरोबर आणि तपासलेल्या उत्तराचे गुण कापणं हे चूक आहे, आणि ते एकाच शाळेत घडलं असं नाही. २२ वर्षांत अशा उत्तरपत्रिका मी किती पाहिल्या, मोजल्या नाहीत. तपासणाऱ्याला वेळ नसतो, गठ्ठा मोठा असतो, हे मी स्वतः शाळेत शिकवताना अनुभवलं आहे. तरीही. बीजगणितात पद्धत बरोबर आहे की नाही हे पुस्तक ठरवत नाही, तुम्हाला परत येता येतं की नाही हे ठरवतं. मूल परत येऊन पडताळा देत असेल तर त्याचा हक्क पूर्ण गुणांवर आहे. बोर्डाच्या परीक्षेत बरोबर पर्यायी रीतीला गुण द्यायचे असतात; शाळांच्या सराव परीक्षांतही ते द्यायलाच हवेत, आणि मुख्याध्यापकांनी ते पाहायला हवं.

दुसरी गोष्ट जागेची. कामोठ्यात क्लासची पाटी नाही अशी गल्ली शोधावी लागेल, त्यातली एक पाटी माझीही आहे. पण गणित नुसतं करत बसावं, परीक्षेसाठी नव्हे, अशी एकही सार्वजनिक खोली माझ्या पाहण्यात नाही. हार्बर लाइननं मानखुर्दला गेलं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गणित ऑलिंपियाडची तयारी तिथे होते. पण तिथपर्यंत निवडून गेलेली मुलं पोचतात. मी बोलते आहे ती ज्यांची निवड कधीच होत नाही, पण ज्यांना स बदलत नाही हे कळल्यावर ओरडावंसं वाटतं, त्यांच्याबद्दल.

अशी खोली ही काही परदेशी कल्पना नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून तिथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. आणि त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे : मठाला गावातून काय मिळावं याचा हिशेब. बाजारातल्या व्यवहारातून वाटा, गावात चालणाऱ्या घाण्यांमागे पळी-पळी तेल. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातलं एक गाव तेलाच्या पळीनं गणिताचा अभ्यास चालवत होतं! १९७६ मध्ये अभ्यंकरांनी पुण्यात संस्था काढली, तिचं नाव भास्कराचार्य प्रतिष्ठान. पर्ड्यूतला नामांकित प्राध्यापक, पण आपल्या माणसांसाठी गणिताची एक वास्तू हवी, हे त्यांना कळत होतं.

पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली. त्याआधी इथे जे उभं राहिलं ते सिडकोनं आखलं. सेक्टर आखले, बागा आखल्या, स्टेशनं दिली. मी मोठं काही मागत नाही. कामोठ्यातल्या एखाद्या समाजमंदिरात किंवा वाचनालयात एक खोली, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. मोठा फळा, लांब टेबल, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. शिकवायला निवृत्त शिक्षक आहेत, या भागातल्या महाविद्यालयांत शिकणारी मुलं आहेत, आम्ही क्लासवाल्या बाया आहोत. प्रवेश परीक्षा नको, फी नको, गुणपत्रिका नको. फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा : ही अदलाबदल उलटी करता येते का? कुणाला एका चलाचा सुटेल, कुणाला दोन चलांचा, कुणी तारेशी झटेल, कुणी नागातांच्या गाठीपाशी महिनाभर बसेल.

नगरसेवकांनी, सिडकोच्या अधिकाऱ्यांनी, गृहनिर्माण सोसायट्यांच्या अध्यक्षांनी हे वाचलं तर एवढीच विनंती आहे. आणि ज्या शिक्षकाच्या हातात उद्या एखादी वेगळ्या वाटेनं सोडवलेली उत्तरपत्रिका येईल, त्यांनाही : पेन टेकवण्याआधी एकदा तिच्या वाटेनं जाऊन परत या.

तोवर दर रविवारी सकाळी १० ते १२ माझ्या घरचं टेबल रिकामं ठेवते. ती मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या रविवारी तिनं धाकट्या भावाला आणलं होतं. तो सातवीत आहे, आणि त्याच्या हातात दोन रंगीत पेनं होती.